सात नंबरचं चेंबर

सोमवार, ३

आज प्रकल्पाचे गट पाडले, तेही चिठ्ठ्या टाकून. शेवटच्या वर्षाला तरी आपली माणसं आपल्याला निवडू देतील असं वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, "नोकरीत शेजारच्या टेबलावर कोण बसणार हे तुम्ही ठरवणार आहात का?" सगळे हसले. मी नाही हसले.

माझ्या वाट्याला राजे आणि घुम्या. राजेला सगळे राजेच म्हणतात, कारण तो कुठल्याही कामाला हात लावत नाही, नुसती देखरेख करतो. अंगावर अत्तर इतकं, की तो जिन्यात असला तरी वर्गात कळतं. घुम्या चार वर्षं मागच्या बाकावर बसतो आणि चार वर्षांत मी त्याची दहा वाक्यं ऐकली असतील. त्याच्या शर्टाला ओल्या कपड्यांचा वास येतो, घरातल्या घरात वाळवलेल्या, कुबट. एकीकडे अत्तर, एकीकडे कुबट, मध्ये मी. पहिल्याच बैठकीला मी खुर्ची उचलून खिडकीशी नेली.

विषय वाटायला सुरुवात झाली. कुणाला पाण्याची टाकी, कुणाला कालवा, कुणाला छोटा बंधारा. एका गल्लीतली तुंबणारी सांडपाण्याची लाइन उरली आणि सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. तेवढ्यात घुम्याने हात वर केला. "आम्ही घेतो." मला विचारलं नाही, राजेला विचारलं नाही. वर्षातून एकदा तोंड उघडायचं आणि त्यातून गटार काढायचं!

घरी सांगितलं तर आई पोट धरून हसली. "हिला दुधावर साय दिसली तरी कप सरकवून देते. आणि आता ही!" मी ताटावरून उठले.

बुधवार, ५

मॅडमनी काम समजावलं. गल्लीत दहा चेंबर आहेत, एकापासून दुसऱ्याकडे पाइप. सांडपाणी पंपाने जात नाही, आपलं आपण उताराने वाहतं, म्हणून प्रत्येक पुढचं चेंबर आधीच्यापेक्षा थोडं खोल हवं. तुंबतं का ते शोधायचं, नवी लाइन आखायची, नकाशा आणि अहवाल द्यायचा. मुदत साडेतीन आठवडे.

सादरीकरणाला पालिकेचे अभियंता येणार आहेत. आमचं काम पटलं तर तोच नकाशा ते मंजुरीला वर पाठवतील आणि गल्ली खरोखर खणली जाईल. म्हणजे हे नुसतं गुणांसाठी नाही. राजेने लगेच हेल्मेट घालून फोटो काढून घेतला.

शनिवार, ८

आंघोळ तीनदा केली. तरी लिहिताना बोटं नाकाशी नेऊन बघते आहे.

पालिकेने झाकणं उघडायला एक माणूस दिला होता, फक्त आजच्या सकाळपुरता. साठीचे काका, हातात पहार, हातमोजे नाहीत. झाकण उघडून ते त्याच हातांनी चहा पीत होते. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं आणि पुन्हा पुन्हा तिकडेच बघत राहिले.

घुम्याला घरोघर पाठवलं, माणसं आणि नळ मोजायला. तो स्वतःच म्हणाला जातो. राजेने पांढरे बूट घातले होते, त्यामुळे मापाची काठी आत सोडायचं काम माझ्यावर आलं आणि तो रस्त्यापलीकडून वहीत लिहिणार असं ठरलं. गल्ली सपाट आहे, ते आधी यंत्र लावून बघितलं होतं, म्हणून वरून खाली खोली मोजली की पुरे. सहा नंबर एक मीटर बासष्ट. सातचं झाकण रुतलेलं, म्हणून ते शेवटी ठेवलं. आठ एक अठ्ठ्याण्णव. बाकीचीही तशीच, शहाण्यासारखी एकेक पायरी खोल होत गेलेली.

मग काकांनी सात उघडलं. आतल्या भिंती हलत होत्या. झुरळं. मी काठी टेकवली तशी ती काठीवरून वर यायला लागली, एक माझ्या बाहीत शिरलं. मी काठी टाकली आणि कुणाच्या तरी पायरीशी जाऊन ओकले. काका पहार धरून उभे. राजे पलीकडून ओरडला, "किती?" मी म्हटलं, "एक ऐंशी!" सहा आणि आठच्या बरोबर मधला आकडा. दोन्हीकडची मापं माहीत असल्यावर मधलं चेंबर जाऊन जाऊन जाणार कुठे? पुस्तकातही असं मधलं काढतातच. काकांनी झाकण बंद केलं.

सहा नंबरसमोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. रस्ता दरवेळी नवा करताना वर येत गेला आणि त्यांचं घर खाली राहिलं. सगळ्यात आधी तुंबतं ते त्यांच्याकडे. शिवणयंत्राचे पाय विटांवर. भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत एक पट्टा उमटला आहे, त्याचा रंग मी इथे लिहिणार नाही. बाईंनी हात धुवायला पाणी दिलं, मग प्यायलाही आणलं. मी म्हटलं तहान नाही. घुम्याने दोन पेले प्यायले, मोरीची उंच पायरी खाली न बघता ओलांडली आणि पेला विसळून फळीवर पालथा ठेवून आला. त्याची हीच गोष्ट माझ्या डोक्यात जाते. कुठेही गेला तरी आपल्याच घरात असल्यासारखा.

मंगळवार, ११

बाबा रक्तलघवी तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. दिवसभर लोकांच्या बाटल्या उघडायच्या. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतात, तरी लहानपणापासून मी त्यांनी वाढलेलं खात नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. आज मी चौथ्यांदा हात धुताना ते म्हणाले, "वास हाताला नसतो गं, डोक्यात असतो." मी म्हटलं, तुम्हाला सवय झाली आहे. ते म्हणाले, "सवय होत नाही. फक्त बाटली उघडायची राहत नाही."

शुक्रवार, १४

गणितं सुटली. मीच सोडवली, दुसरं कोण सोडवणार? उतार सगळीकडे व्यवस्थित आहे, म्हणजे लाइनमध्ये दोष नाही. घरं वाढली, नळ वाढले, पाइप लहान पडतो. दीडशे मिलिमीटरच्या जागी अडीचशेचा टाकायचा, झालं. राजेने त्याचा रंगीत आलेख केला. त्याला कुठला रंग लाल करायचा एवढंच विचारायचं होतं.

घुम्या बराच वेळ आकडे बघत बसला. मग म्हणाला, "सहामध्ये पाणी दुपारी अडीचलाही उभं असतं."

"मग?"

"अडीचला कुणी पाणी वापरत नाही. पाइप लहान असता तर तेव्हा तरी रिकामा व्हायला हवा होता."

हा माणूस गेले सहा दिवस रोज दुपारी त्या गल्लीत जातो! झाकणाच्या भोकातून वजन बांधलेली दोरी सोडतो, किती भिजली ते बघतो आणि मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवतो. ती दोरी त्याने टेबलावर ठेवली. आमच्या टेबलावर, जिथे मी डबा उघडते. मी वही उचलून छातीशी धरली.

"सातचं तू स्वतः बघितलंस ना?" त्याने विचारलं.

"मग काय राजे बघणार?"

तो बरं म्हणाला.

सोमवार, १७

पुन्हा तेच. "सातच्या पुढे पाणी जात नाही असं वाटतं." मी म्हटलं, तुझी दोरी भिजून लांब होत असेल, म्हणून तुला सगळीकडे पाणीच दिसतं. राजे इतका हसला की पाणी पिताना त्याला ठसका लागला. घुम्या हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याने खरंच दोरी हातात घेऊन ताणून बघितली. असल्या माणसाशी भांडताही येत नाही. सगळ्या गटाची शिसारी आली आहे मला.

बुधवार, १९

आज गोपनीय फॉर्म भरून दिले. प्रत्येकाने बाकीच्या दोघांना दहापैकी गुण द्यायचे, त्यावरून ज्याचे त्याचे अंतिम गुण ठरणार. राजेला मी पाच दिले, आलेखाचे. घुम्याला दोन. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मोजमापं भरवशाची नाहीत. गटाच्या निष्कर्षावर विनाकारण शंका घेतो." खरं ते लिहिलं. स्वच्छतेबद्दल लिहिणार होते, पण त्याला रकाना नव्हता.

शनिवार, २२

अहवाल बांधायला द्यायचा होता. पानं लावताना सहा नंबरच्या नोंदींचं पान सापडेना. घुम्याला विचारलं.

"काढून टाकलं."

"का?"

"तू सात बघितलंयस. तिथे एक ऐंशी आहे म्हणजे उतार आहे. मग पाणी उभं राहूच शकत नाही. माझंच काहीतरी चुकत असणार." मग म्हणाला, "दोन दोऱ्या बदलून बघितल्या मी. तरी तेच येत होतं. पण चुकत असणारच."

कटकट मिटली. मला हलकं वाटायला हवं होतं. घरी येताना ओकारीसारखं काहीतरी घशाशी येत होतं आणि वाटेत कुठे घाणही नव्हती.

रविवार, २३

जेवताना बाबांना विचारलं, "तुम्ही कधी बाटली न उघडता निकाल लिहिलाय?"

आई म्हणाली, "जेवताना काय हे?" बाबांनी घास ताटात परत ठेवला. मला वाटलं रागावले.

"एकदा," ते म्हणाले. "खूप गर्दी होती. बाटली फार वाईट होती. आधीच्या पाच जणांचं सगळं ठीक होतं, मी सहावीचंही ठीक लिहिलं."

"मग?"

"मग काही नाही. ती बाई पुन्हा आली नाही. बरी होती म्हणून आली नाही, की नव्हती म्हणून, ते मला कधीच कळलं नाही." ते उठले आणि हात धुवायला गेले. आईने पाण्याचा तांब्या उगाच एका जागेवरून दुसरीकडे ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिलाही हे ठाऊक नसावं.

मी त्यांच्याएवढी मोठी चूक केलेली नाही. माझं गणित बरोबर आहे. एक ऐंशीच असणार.

मंगळवार, २५

एक ऐंशी नाही.

सकाळी पालिकेच्या चौकीवर जाऊन काकांना गाठलं. लेखी आदेश नाही, काही नाही. म्हटलं, काका, एकच झाकण, पाच मिनिटं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "परत ओकणार नाही ना ताई?" मी म्हटलं, ओकले तर ओकले.

झुरळं तशीच होती. काठीवरून वर आली, हातावर आली. मी ओरडले, पण काठी सोडली नाही. काठी टेकली आणि मी माप वाचलं. एक एकतीस. गाळ असेल म्हणून दाबली, हलवली, आपटली. खाली काँक्रीट खणखणत होतं. एक मीटर एकतीस. सहापेक्षा एकतीस सेंटीमीटर उथळ! म्हणजे सहामधल्या घाणीला पुढे जायचं तर वर चढावं लागतं. ती कशी चढणार?

"तिथं तेवढंच आहे," काका म्हणाले. "खालून पाण्याची मोठी लाइन जाते. ठेकेदाराला तिच्याखालून खणायचा कंटाळा आला, त्यानं वरूनच घेतली. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

अंगावर काय काय होतं देव जाणे. हात धुवायला कुठे जाणार? शिवणाच्या बाईंच्या दारात गेले. त्यांनी बादली भरून दिली, साबण दिला, आणि माझी बाही धरून झुरळ झटकलं. आतल्या दोरीवर कपडे वाळत होते. खिडकी नाही, ओल जायला जागा नाही. त्यात एक शर्ट होता. निळ्या रेघांचा, कोपरावर शिवलेला. तो शर्ट मी तीन आठवडे नाकाला रुमाल लावून बघितला आहे.

"माझा मुलगा तुमच्याच गटात आहे ना," बाई म्हणाल्या. "कुणाला सांगू नको म्हणाला होता. तुम्ही चांगल्या घरची मुलं. तो म्हणतो, आई, आता होईल बघ, गटात एक मुलगी आहे, तिचं गणित पक्कं आहे."

मी बादली उचलून मोरीत नेऊन ठेवली.

मला गल्लीची किळस येत नव्हती आता. माझ्या तोंडाची येत होती, ज्या तोंडाने मी एक ऐंशी म्हटलं.

बुधवार, २६

राजेला सांगितलं. तो म्हणाला, "वेडी आहेस का? छापून झालंय. परवा सादरीकरण आहे. अभियंता काय काठी घेऊन येणार आहे?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याच्या अत्तराचा वास आला नाही. तो मला फक्त माझ्यासारखा दिसला.

घुम्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाशी होता. मी सरळ सांगितलं, सात मी मोजलं नव्हतं. काल मोजलं. एक एकतीस आहे. तुझं बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. त्याने नळ बंद केला.

"मी पान फाडलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"घरी आईला सांगितलं की आपल्याकडे पाणी उभं राहतं ते माझ्या डोळ्यांचा दोष आहे."

मी त्याच्या हाताला हात लावायला गेले, नुसता, माफी मागताना माणूस लावतो तसा. त्याने हात मागे घेतला. घाईने नाही, पण घेतला. ते मागे घेणं मला चांगलं ओळखीचं आहे. आजवर मी कुणाकुणापासून हात असा मागे घेतला, त्यांना काय वाटलं असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

शुक्रवार, २८

राजेने अडीचशेच्या पाइपाचा आलेख पडद्यावर लावला. अभियंता मान डोलवत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, हा आलेख चुकीचा आहे. सात नंबर मी मोजलं नव्हतं. किळस आली म्हणून आकडा ठोकून दिला. खरं माप एक एकतीस आहे. ह्याला ते न उघडता कळलं होतं आणि मी त्याला गप्प केलं.



अभियंत्यांनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी हे वर पाठवणार होतो. गल्ली खणली असती, त्याच चढावर मोठा पाइप टाकला असता, आणि नवीन लाइन म्हणून पुढची पंधरा वर्षं तिथे कुणी हात लावला नसता." त्यांनी घुम्याला विचारलं, नोंदी कुठे आहेत. तो म्हणाला, फाडल्या, पण पाठ आहेत. आणि त्याने म्हणून दाखवल्या. तारीख, वेळ, किती दोरी भिजली. अभियंत्यांनी त्या स्वतःच्या हाताने लिहून घेतल्या.

नंतर मॅडमना त्या फॉर्मचंही सांगितलं, तो परत द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "परत मिळणार नाही. त्याच्या गुणांत मी तो धरणार नाही. पण तू दिलेले दोन तुझ्याच फाइलला लावून ठेवते." मोजणीचे माझे सगळे गुण गेले. गटाला दहा दिवस वाढवून मिळाले, सगळं पुन्हा मोजायला. राजे माझ्याशी बोलत नाही. त्याची मला पर्वा नाही.

मंगळवार, ४

पुन्हा मोजणी. काका आले होते, आज लेखी आदेशाने. मी आज काठी धरायच्या तयारीने गेले होते, जुने कपडे, केस बांधून. घुम्याने काठी माझ्या हातातून काढून घेतली.

"मी सांगतो. तू लिही," तो म्हणाला. "मी सांगितल्याशिवाय काही लिहू नकोस."

मी चेंबरच्या काठाशी वही घेऊन उभी राहिले, लांब नाही. वास येत होता, राहिले तशीच. तो एक नंबरपासून सुरू झाला. आत वाकायचा, काठी टेकवायचा, दोनदा हलवायचा, मग आकडा सांगायचा. मी लिहायचे. मग तो उठायचा, हात मागे धरून माझ्या शेजारी यायचा आणि मी काय लिहिलं ते वाचायचा. वाचून पुढच्या झाकणाकडे जायचा.

सातला त्याची आई दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "एक एकतीस." मी एक एकतीस लिहिलं. मला वाटलं, हा तरी आकडा तो बघणार नाही. हा तर मीच काढलेला.

तो उठला, आला, आणि बोट लावून वाचला.

दहा चेंबर झाली. दहाही वेळा त्याने वहीत बघितलं.